डोन्ट डिस्टर्ब, मी बसलेय!

प्रत्येक ऑफिसात असा एक नग असतोच. सकाळी खुर्चीत बसला की बसला. चहाला बोलवा, येत नाही. लंच टाइमला पाच मिनिटांत डबा संपवून परत जागेवर. जवळ गेलं की अंगावर येतो. याचं काहीतरी बिनसलंय, यावर सगळ्यांचं एकमत होतं आणि महिन्याभराने कळतं की साहेब गुपचूप प्रोजेक्ट संपवत होते!

मला असा नग जानेवारीत भेटला. परभणी जिल्ह्यात, गंगाखेडजवळच्या एका गावात, आत्याच्या अंगणात. नाव लाली. जात : बदक.

झालं असं, की आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ती आठवडाभर परभणीला दादाकडे राहणार. मग घर आणि बदकं कोण बघणार? अर्थात मी! फ्रीलान्सरला सगळे रिकामटेकडेच समजतात. लॅपटॉप उचलला, देवगिरी एक्स्प्रेस पकडली, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणत सकाळी उतरले आणि पुढे एसटी. अंगणात एक नर, तीन माद्या. लाल चेहऱ्याची, मस्कोव्ही जातीची. आत्याची सूचना एका वाक्याची : "सकाळी खुराडं उघडायचं, दाणा टाकायचा, अंडी उचलायची." सोप्पं!

दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, लाली खुराड्यात अंडं घालतच नाहीय. ती रोज तुराट्यांच्या ढिगामागे गायब होते. मागे जाऊन बघते तर काय, गव्हाच्या काडाखाली नीट झाकून ठेवलेली अकरा अंडी! जॅकपॉट! ती चरायला गेली तेवढ्यात सहा उचलली. दोनांची भुर्जी, चार फ्रीजमध्ये. (भुर्जी सॉल्लिड झाली होती, हे कबूल करायलाच हवं.)

त्या रात्री लाली खुराड्यात आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच, तिसऱ्या दिवशी तिथेच. दाण्याकडे बघेना. अंग पसरून पोळीसारखी चपटी झालेली, पाठीवरची पिसं फुगलेली, छातीवरची उपटलेली. हात पुढे केला तर फुस्सऽऽ आणि वर चोच.

माझ्या पोटात गोळा आला. कारण महिना जानेवारी आणि जिल्हा परभणी. २०२१ च्या जानेवारीत याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या होत्या. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि आसपासच्या धडधाकट कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या. लालीचं तसंच काही निघालं तर? बाकीची तीन? आणि आत्याला काय सांगू, तुझा डोळा बरा झाला पण अंगण रिकामं झालं?

पाटी काढली, फोन लावला.

"आत्या, लाली आजारी आहे गं. तिला घेऊन परभणीला येते. तिथे पशुवैद्यकीय कॉलेज आहे ना..."

"थांब जरा. काय करायली ती?"

"बसलीय."

"कुठं?"

"तुराट्यांमागे. अंड्यांवर."

पलीकडे आत्या इतकी हसली की डोळ्यावर ताण देऊ नको म्हणून दादा ओरडला. "अगं माय, खुडूक बसली ती! आजारी कशाची?"

खुडूक. कोंबडीबद्दल हा शब्द मी ऐकला होता, पण बदकही खुडूक होतं? होतं! मग आत्याने डोळ्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत माझी उलटतपासणी घेतली. रात्री घरट्यावरच असते का? हो. (ही सगळ्यात पक्की खूण. अंडं घालायला आलेलं बदक घालून निघून जातं, रात्र काढत नाही.) दिवसातून एखाद वेळा उठते का? हो, घाईघाईत दाणा, पाणी, एक डुबकी आणि धावत परत. त्या वेळी विष्ठा केवढी? भलीमोठी आणि वास असा की विचारू नका! घरटं घाण होऊ नये म्हणून तासन्‌तास रोखून धरलेली असते. आणि पिसं गळत नाहीत, ती स्वतः उपटते. त्याची मऊ गादी घरट्यात होते आणि उघड्या कातडीची ऊब थेट अंड्यांना मिळते.

मग आजारी बदक कसं ओळखायचं? ते कुठेही बसतं, डोळे मिटून, मान टाकून. उचललं तर उचलू देतं. खुडूक बदक एकाच जागी बसतं, डोळे टक्क उघडे, आणि उचलून दाखवाच! अंडं अडकलेलं बदक आणखी वेगळं : ते कुंथतं, शेपटी हलवत राहतं, ऊठबस करतं. तिथे मात्र डॉक्टरकडे पळायचं. आणि पक्षी एकामागून एक पटापट मरायला लागले तर आत्याला नाही, पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करायचा.

हा सगळा खेळ प्रोलॅक्टिन नावाच्या हार्मोनचा. सगळ्या जातींत तो सारखा रंगत नाही. १८९८ साली इंग्लंडमध्ये अडेल कॅम्पबेल या बाईंनी जगासमोर आणलेली खाकी कॅम्पबेल वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण बसायचं नाव क्वचितच काढते. बसली की अंडी बंद, म्हणून माणसाने भरपूर अंडी देणाऱ्या जातींतून ही सवयच जवळपास काढून टाकली. मस्कोव्ही मात्र या बाबतीत जुन्या वळणाची. बसायचं तर पस्तीस दिवस. कोंबडी एकवीस दिवसांत मोकळी होते, बाकीची बदकं अठ्ठावीस!

आणि मी तिची सहा अंडी पळवली होती. मादी रोज एक अंडं घालून झाकून ठेवते आणि पुरेशी जमली की मगच बसते, म्हणजे पिल्लं एकदम निघतात. तिची जमवाजमव पूर्ण होत आली, नेमकी तेव्हाच मी टपकले.

"आत्या, चार फ्रीजमध्ये आहेत."

"आणि दोन?"

मी गप्प. आत्याही गप्प.

मग हुकूम सुटले. फ्रीजमधली बाहेर काढून ठेव, घाम सुटेल, पुसू नको, आपोआप वाळू दे. पेन्सिलने फुली मार. अंधार पडल्यावर हळूच तिच्याखाली सरकव. दाणा-पाणी जवळ ठेव. तुराट्यांभोवती जाळी लाव, मुंगूस येतं. आणि दिवसातून दहादा बघायला जाऊ नको!

नर नसेल, अंडी फळलेली नसतील, तर बसू देण्यात अर्थ नाही. बिचारी उगाच वाळत जाते. अशा वेळी घरटं बंद करून तिला दोन-चार दिवस इतरांबरोबर उजेडात ठेवायचं. कोंबडीची खुडूक मोडायला गावात तिला पाण्यात बुडवायचे. मला तो प्रकार आवडत नाही आणि बदकाला बुडवून होणार तरी काय? पार्टी!

मी मुक्काम वाढवला. आठव्या रात्री परतलेल्या आत्याबरोबर मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. लालीखाली राहिलेल्या पाचांपैकी चारांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये काळा ठिपका. फुलीवाल्या चारांपैकी एकात, फिकटसं.

फेब्रुवारीत व्हिडिओ कॉल आला. लालीच्या पंखाखालून चार पिवळी डोकी डोकावत होती. फुलीवालं फुटलंच नाही.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली," आत्या म्हणाली. "येशील ना? भुर्जीला कोंबडीची अंडी आणून ठेवते."