घर एकदाच बांधायचं असतं म्हणे!

परवा रात्री दादाने व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या घराचा प्लॅन पाठवला. खाली एकच ओळ : "फायनल आहे, बघून घे."

बघून घेतला. आणि रात्री दीडपर्यंत झोप आली नाही. म्हणून हे लिहितेय. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात हे मला पक्कं माहीत आहे (कॉमेंट कोणी करत नाही, पण फोन लगेच येतात!), तेव्हा आडपडदा न ठेवता सांगते. मला हा प्लॅन अजिबात मान्य नाही.

नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. कराडच्या बाहेर आमचा दोन गुंठ्यांचा प्लॉट आहे. ३३ बाय ६६, म्हणजे २१७८ चौरस फूट. रस्ता पश्चिमेला. बाबांनी नोकरीत असताना घेऊन ठेवला होता. आई-बाबा, दादा-वहिनी आणि दोन भाचरं आजपर्यंत भाड्याच्या जागेत राहिली. आता बांधायचं ठरलंय. बाबांचे फंडाचे १६ लाख आहेत, बाकीचं कर्ज.

आता प्लॅन ऐका. खाली वर मिळून १९०० चौरस फूट. खाली १४ बाय २२ चा हॉल, तोही 'डबल हाइट', म्हणजे त्याच्यावर मजला नाही, थेट वरच्या स्लॅबपर्यंत पोकळी. समोरची सगळी भिंत काचेची. वायव्येला १२ बाय १४ ची गेस्ट बेडरूम, अटॅच्ड बाथरूमसह. आग्नेयेला ८ बाय १० चं स्वयंपाकघर. ईशान्येला ९ बाय १० ची आई-बाबांची खोली. तिला बाथरूम नाही, कारण ईशान्येला संडास चालत नाही. मग आईने जायचं कुठे? तर पॅसेजमधून, हॉलच्या कडेने, जिन्याखाली. मी प्लॅनवर पट्टी लावून मोजलं. पलंगापासून ३८ फूट.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. रात्रीतून ती तीनदा उठते. जाऊन-येऊन तीन खेपा म्हणजे रोज रात्री २२८ फूट, अंधारात, भिंत धरून. आणि ज्या खोलीला लागून संडास आहे ती खोली कोणाची? पाहुण्यांची. वर्षातून किती रात्री पाहुणे राहतात आपल्याकडे, दादा? मी आणि माझी मुलं सोडून? दहा? पंधरा? उरलेल्या ३५० रात्री त्या खोलीत इस्त्रीचे कपडे आणि जुना टीव्ही झोपणार.

फोनवर हे सगळं बोलले तर दादाचं उत्तर ठरलेलं. "अगं, घर एकदाच बांधायचं असतं."

मंडळी, मराठी मध्यमवर्गाला सर्वात महाग पडलेलं वाक्य कुठलं असेल तर हेच. या एका वाक्यावर हॉल दोन फुटांनी वाढतो, पोर्चला गोल खांब येतात, जिन्याला स्टीलची रेलिंग येते. कंत्राटदार हेच म्हणतो, टाइल्सवाला हेच म्हणतो, दरवाजेवाला तर म्हणतोच म्हणतो. एकदाच बांधायचं म्हणून सगळं आजच, आणि सगळं आजच म्हणून कर्ज वीस वर्षांचं.

हिशेबच मांडू. आमचा कंत्राटदार चौरस फुटाला २००० रुपये म्हणतोय. १९०० फुटांचे ३८ लाख. बाबांचे १६ गेले, २२ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखाला महिना साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे महिना १९,१०० च्या आसपास. दादा आज ४४ वर्षांचा आहे. शेवटचा हप्ता भरेल तेव्हा ६४ चा असेल. नोकरी त्याआधीच संपलेली असेल. आणि मध्ये भाचीचं शिक्षण, भाच्याचं शिक्षण, आईचा दुसरा गुडघा. घराचा प्लॅन म्हणजे नुसतं खोल्यांचं चित्र नसतं, पुढच्या वीस वर्षांच्या पगाराचं चित्र असतं ते. ४ फूट रुंद आणि २० फूट लांब पॅसेज म्हणजे ८० चौरस फूट, म्हणजे १ लाख ६० हजार रुपये, फक्त चालायला!

बरं, तो हॉल तरी सुखाचा असेल का? रस्ता पश्चिमेला. काच पश्चिमेला. एप्रिल-मे मध्ये कराडचं ऊन काय असतं हे मी सांगायला हवं का? दुपारी तीनपासून सूर्य मावळेपर्यंत थेट आत. मग पडदे, मग एसी, मग वीजबिल. वीस फुटांवरची जळमटं काढायला माणूस बोलवावा लागेल ते वेगळंच. आणि ही पोकळी ठेवल्यामुळे वरची ३०८ चौरस फूट जागा जी हातची जाते, तिच्यात एक अख्खी खोली आणि बाथरूम बसलं असतं.

आणि स्वयंपाकघर? ८० चौरस फूट. हॉलच्या जवळजवळ चौथा हिस्सा. वहिनी दिवसातले पाच-सहा तास तिथे उभ्या असतात. त्यांची उंची पाच फुटांना थोडी कमीच. आत्ताच्या घरातला ओटा उंच पडतो म्हणून पोळ्या लाटताना त्या पायाखाली पाट घेतात, हे आपण सगळ्यांनी दहा वर्षं पाहिलंय. नव्या घरात ओटा किती इंचांवर हवा, असं त्यांना कोणी विचारलं का? मी विचारलं. म्हणाल्या, "मला प्लॅनमधलं काय कळतं, हे आणि ड्राफ्ट्समन बघतायत." वहिनी, तुम्हालाच सगळ्यात जास्त कळतं! भांडी घासायची मोरी कुठे, कुकरची शिट्टी कुठे ऐकू येते, कपडे वाळत घालायला किती पावलं टाकावी लागतात, हे ड्राफ्ट्समनला कसं कळणार?

लॉरी बेकर (१९१७–२००७) हा इंग्लंडमध्ये जन्मलेला वास्तुशिल्पी केरळात स्थायिक झाला आणि तिरुवनंतपुरमला त्याने सामान्य माणसांची कितीतरी स्वस्त घरं बांधली. विटा आडव्या न ठेवता उभ्या कडेवर रचून मध्ये पोकळी सोडायची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे ऊनही कमी लागतं. पण मला त्याच्याकडून विटांपेक्षा दुसरंच घ्यावंसं वाटतं. तो घरमालकांशी स्वतः बोलायचा, ते राहतात कसे हे समजून घ्यायचा आणि जागेवर उभा राहून बांधायचा. आपल्याकडे मात्र आधी 'एलेव्हेशन' ठरतं, आणि मागे उरलेल्या जागेत माणसं कोंबायची.

माझं म्हणणं काय, तेही सांगते. नुसती टीका करून पुण्यात बसणं सोपं आहे, हे टोमणे मला आधीच ऐकू येतायत.

एक, आत्ता फक्त तळमजला बांधा. ११५० चौरस फूट पुरतात, मी मांडून बघितलंय. बैठक १२ बाय १४, स्वयंपाकघर आणि जेवायची जागा मिळून १२ बाय १६, दोन खोल्या ११ बाय १२, मुलांची १० बाय १२, दोन न्हाणीघरं, मागे धुण्या-भांड्याची मोरी आणि पुढे ८ बाय १४ ची पडवी. पाया आणि कॉलम मात्र इंजिनियरकडून दोन मजल्यांचे काढून घ्या आणि जिना बाहेरून ठेवा. भाचरं मोठी झाली, पैसे आले, की वर चढवा. वाटलं तर वरचा मजला भाड्यानेही देता येईल, हॉलमधल्या जिन्याने ते होणार नाही. (वर सोडलेल्या सळया तशाच उघड्या ठेवू नका, गंजतात. त्यांना कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवायला सांगा.) पायाचा जास्तीचा खर्च धरून हे २४ लाखांत बसतं. कर्ज ८ लाख, हप्ता सातेक हजार.

दोन, वायव्येची खोली आई-बाबांना द्या. वास्तुवाल्यांनाही वायव्येच्या संडासाचं वावडं नाही, तेव्हा शास्त्र सांभाळून काम होतंय! त्या खोलीचं बाथरूम पश्चिमेच्या भिंतीला काढा, म्हणजे दुपारचं ऊन आधी बाथरूम खाईल. पलंगापासून संडास दहा फुटांच्या आत, दार तीन फुटी, भिंतीला धरायला दांडा. आग्नेयेचं स्वयंपाकघर मला शंभर टक्के मान्य आहे, सकाळचं ऊन मिळतं आणि पश्चिमेचा वारा फोडणीचा धूर मागच्या मागे बाहेर नेतो.

तीन, जोतं. रुबाबदार दिसतं म्हणून तीन फूट धरलंय. चाकाची खुर्ची नेण्याजोग्या उताराला एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. तीन फुटांना ३६ फूट! समोर तेवढी जागाच नाही. रस्ता दर डांबरीकरणात वर येतो हे खरं, म्हणून फार खालीही नको. दोन फूट ठेवा, मग २४ फुटांचा उतार घराच्या कडेने बसतो. आज कोणाला खुर्ची लागत नाही. पण घर पुढच्या चाळीस वर्षांसाठी बांधतोय ना आपण? मग त्यात आपणही म्हातारे होणार आहोत.

आता आक्षेप. "गणपतीला पंचवीस माणसं येतात." येतात की, पाच दिवस! बैठक आणि पडवी यांच्यामध्ये चार पाखांचं दार ठेवा, दोन्ही जागा एक होतात. "लग्नकार्य?" घरात शेवटचं लग्न आत्याचं झालं, माझंसुद्धा कार्यालयात झालं. "जुना वाडा कसा ऐसपैस होता." होता. पण त्या वाड्यात स्वयंपाकघर अंधारं होतं, आजीचे डोळे धुराने गेले आणि संडास परसात होता. ओटी मात्र ऐसपैस. म्हणजे चूक आजची नाही, पिढ्यान् पिढ्यांची आहे. पुढचा भाग येणाऱ्यांसाठी, मागचा राबणाऱ्यांसाठी.

आणि सगळ्यात मोठा आक्षेप, जो दादा बोलला नाही पण काकांनी बोलून दाखवला : "माहेरच्या घरात लेकीने किती बोलावं?" काका, मला त्या घरात हिस्सा नको, खोली नको. पण रात्री तीन वाजता आई पॅसेजमध्ये पडली तर पहिला फोन मलाच येणार आहे. म्हणून बोलणार.

दादा, तुझं मन मला कळत नाही असं समजू नकोस. वीस वर्षं तू मित्रांना घरी बोलवायचं टाळलंस, हॉल नव्हता म्हणून. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांचे बंगले झाले तेव्हा आपण दोन खोल्यांत होतो. त्या सगळ्याचं उत्तर तुला त्या काचेच्या भिंतीने द्यायचंय. पण ते उत्तर महिना १९,१०० रुपयांचं आहे, आणि ज्यांना द्यायचं ते रस्त्यावरून एकदा वर बघून निघून जाणार आहेत.

एकच विनंती. रविवारी ड्राफ्ट्समन यायच्या आधी प्लॉटवर जाऊ. दोरी लावून, फक्की मारून तुझा प्लॅन खऱ्या मापात जमिनीवर आखू. जिथे पलंग तिथे आईला खुर्ची ठेवू, आणि तिला म्हणू, संडासापर्यंत चालून दाखव. मग वहिनींना त्या ८ बाय १० मध्ये उभं करू. त्यानंतरही तू फायनल म्हणालास तर मी गप्प बसेन.

शनिवारी दुपारच्या एसटीने येतेय. फक्की आणि पन्नास फुटी टेप मी आणते. वहिनी, तुम्ही तेवढा पाट घेऊन या.