विश्लेषण : मोटार ट्रकवर मागून आदळली, तर दोष कोणाचा आणि भरपाई कोणाकडून?

रात्री महामार्गावर मोटार ट्रकवर मागून आदळल्याची बातमी दर चार-आठ दिवसांनी येते. ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ किंवा ‘चालकाला डुलकी लागली’ एवढ्यावर ती संपते. मृतांच्या कुटुंबाचे प्रकरण मात्र तिथून सुरू होते. पुढे काही वर्षे भरपाईचा जो दावा चालतो, त्याचा निकाल बराचसा पहिल्या दोन दिवसांत कागदावर काय उतरले यावरच ठरतो. आणि त्या कागदांत ट्रकबद्दल बहुधा फारसे काही नसते.

अशा अपघातांचे प्रमाण किती?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. यातील १५ हजार २२४ मृत्यू महाराष्ट्रातील. अपघातांच्या प्रकारांत ‘मागून धडक’ हा प्रकार सर्वात मोठा होता, एकूण अपघातांच्या साधारण एकपंचमांश. याच वर्षी १४ ऑगस्टला शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ मृत्यू झाला. त्यांची मोटार पुढच्या ट्रकवर आदळली होती. त्या वेळी चर्चा झाली ती मदत उशिरा मिळाल्याची. अपघातानंतरच्या कागदोपत्री लढाईची चर्चा सहसा होत नाही, कारण ती सामान्य कुटुंबांना एकेकट्याने लढावी लागते.

गुन्हा मोटारचालकावरच का दाखल होतो?

मागचा तो दोषी, असा साधा हिशेब पोलीस ठाण्यात लावला जातो. फिर्याद अनेकदा ट्रकचालकाची किंवा स्वतः पोलिसांचीच असते. मोटारीतील माणसे एक तर दगावलेली असतात किंवा अतिदक्षता विभागात असतात. त्यामुळे त्यांची बाजू सांगणारे तिथे कोणी नसते. निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार मोटारचालकावर गुन्हा नोंदला जातो. तो स्वतःच मरण पावला असेल, तर आरोपी मृत म्हणून ‘अ‍ॅबेटेड समरी’ दाखल होते आणि फाइल बंद होते. खटलाच न चालल्याने त्या नोंदीची उलटतपासणी कधीच होत नाही. विमा कंपनी मात्र पुढे हीच नोंद न्यायाधिकरणासमोर ठेवते.

ट्रक कुठे उभा होता, कडेला की मार्गिकेत? मागचे दिवे लागत होते का? परावर्तक पट्ट्या, म्हणजे ज्याला आपण रेडियम म्हणतो ते होते का, की चिखलाने झाकले गेले होते? बंद पडलेल्या ट्रकमागे लाल त्रिकोण ठेवला होता का? मोटार ट्रकखाली घुसू नये म्हणून मागे जो आडवा दांडा असतो, तो जागेवर होता का? या गोष्टी केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेत, आणि धोकादायक रीतीने वाहन उभे करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार मनाई आहे. पण पंचनाम्यात ‘ट्रकच्या पाठीमागील बाजूचे नुकसान’ या पलीकडे एखादे वाक्य सापडले तर नशीब. ट्रक मालकाला लवकर परत मिळतो, दुरुस्त होतो आणि पुन्हा रस्त्यावर धावू लागतो. त्याच्याबरोबर पुरावाही निघून जातो.

न्यायाधिकरण पोलिसांचेच म्हणणे मान्य करते का?

तसे बंधन नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा नि:संशय सिद्ध व्हावा लागतो, तर मोटार अपघात दावे न्यायाधिकरणात कोणती शक्यता अधिक, एवढेच पाहिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेले दोन निकाल याबाबत शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. एका प्रकरणात रस्त्याच्या मधोमध, दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर मोटार आदळली होती. उच्च न्यायालयाने निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसून संपूर्ण दोष टँकरचा ठरवला. दुसऱ्या प्रकरणात पुढे चाललेल्या ट्रकने अचानक ब्रेक लावला आणि मागची मोटार त्यावर धडकली. तिथे सुरक्षित अंतर राखले नाही म्हणून मोटारचालकच दोषी ठरला. दोन्ही धडका मागूनच, पण पहिल्यात टँकर कसा उभा होता हे सांगणारा पुरावा होता.

मोटारीतील प्रवाशांचा हक्क कितपत?

इथे सर्वाधिक गैरसमज आहे. मोटारचालकाचा अर्धा दोष ठरला, तर त्याच्या स्वतःच्या भरपाईत निम्मी कपात होते. मागे बसलेल्या पत्नीच्या किंवा मित्राच्या भरपाईत होत नाही. प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही वाहने मिळून दोषी असतात आणि तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हे २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. ट्रकचा थोडासाही दोष सिद्ध झाला, तरी त्याच्या विमा कंपनीकडे पूर्ण रकमेसाठी दार उघडते. मोटारीचा विमा केवळ ‘थर्ड पार्टी’ असेल, तर हे दार फारच महत्त्वाचे. कारण त्या पॉलिसीत खासगी मोटारीतील प्रवासी सहसा येत नाहीत, सर्वसमावेशक पॉलिसीत येतात.

संपूर्ण दोष मोटारचालकाचाच ठरला, तर त्याच्या वारसांना कलम १६६ खाली भरपाई मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. अशा वेळी उरतो तो मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा. त्यात दोष कोणाचा हे पाहिले जात नाही. गाडी मालक स्वतः चालवत असावा आणि परवाना वैध असावा, एवढे पुरते. दु:खात अनेक कुटुंबांना या विम्याची आठवणही राहत नाही, म्हणून पॉलिसीचा कागद एकदा पूर्ण वाचावा.

पहिल्या दिवसांत नातेवाइकांनी काय करावे?

रुग्णालयात एक जण थांबला, तर दुसऱ्याने घटनास्थळी किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन ट्रकच्या मागच्या बाजूची छायाचित्रे काढावीत : क्रमांक, दिवे, पट्ट्या, खालचा दांडा. टोलनाका, पेट्रोल पंप आणि ढाब्यांवरील सीसीटीव्हीचे चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसले जाते. ते जपून ठेवण्याची मागणी तपास अधिकाऱ्याकडे लेखी करावी आणि पोच घ्यावी. मोटार वाहन निरीक्षकाने दोन्ही वाहनांची तपासणी केली का, हेही विचारावे. ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ अशा मजकुराखाली सही करण्याची घाई करू नये. मृतदेह लवकर ताब्यात मिळावा म्हणून असे जबाब दिले जातात आणि नंतर तेच आडवे येतात.

१ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार पोलिसांनी प्राथमिक अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना याचे पालन करण्यास सांगितले. त्याची प्रत पीडितांनाही मिळायला हवी. ट्रकच्या मालकाचे व विम्याचे तपशील देणे हेही कलम १६० नुसार पोलिसांचे आणि परिवहन कार्यालयाचे कर्तव्य आहे. ते न मागता मिळतील अशी आशा मात्र बाळगू नये.

उपचारांचा खर्च कोण करणार?

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार होतात. दोष कोणाचा हा प्रश्न इथे येत नाही. त्यापुढील खर्चाची देयके, औषधांच्या चिठ्ठ्यांसह, सांभाळून ठेवावीत.

भरपाईची रक्कम कशी ठरते?

उत्पन्न, वय आणि अवलंबून असलेल्यांची संख्या यांवर. समजा, मृत व्यक्तीचे वय ३४, स्वतःचा व्यवसाय, मासिक उत्पन्न २५ हजार रुपये. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक उत्पन्न ३ लाख. भविष्यातील वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवले की ४ लाख २० हजार. चौघे अवलंबून असल्याने स्वतःच्या खर्चापोटी एकचतुर्थांश वजा, म्हणजे ३ लाख १५ हजार. या वयासाठी गुणक १६. गुणाकार ५० लाख ४० हजार. याखेरीज अंत्यसंस्कार, सहवासाची हानी अशा मथळ्यांखाली ठरावीक रकमा. हे सूत्र ऑक्टोबर २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पक्के केले. खरा वाद होतो उत्पन्नावर. किराणा दुकानदार, वेल्डर, शेतकरी यांच्याकडे आयकर विवरणपत्र नसते, मग न्यायाधिकरण अंदाजाने कमी आकडा धरते. बँकेचे खातेपुस्तक, जीएसटीची नोंद, माल दिल्याच्या पावत्या यांनी हा अंदाज वर नेता येतो.

आता याच कुटुंबापुढे कलम १६४ चा पर्याय येऊ शकतो. दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. पैसे लवकर मिळतात. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. मृत मोटारचालकाचाच सगळा दोष दिसत असेल, तर हा मार्ग तपासण्याजोगा. ट्रक अंधारात उभा असल्याचा पुरावा हाती असताना पन्नास लाखांच्या दाव्यावर पाच लाखांत पाणी सोडणे मात्र महागात पडेल.

दावा कुठे आणि कधीपर्यंत करायचा?

अपघात झाला त्या जिल्ह्यातच जावे लागते असे नाही. कुटुंब राहते तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो. अपघात पालघरला झाला तरी लातूरच्या कुटुंबाला लातूरमध्येच तो चालवता येईल. वकिलाने मिळणाऱ्या भरपाईच्या टक्क्यांवर शुल्क ठरवणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तरी तशी बोली सर्रास लागते. महिलांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्याआधी जवळपास २८ वर्षे अशी मुदतच नव्हती. या तरतुदीला आव्हान देणाऱ्या याचिकांवर, केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. हा आदेश अंतरिम आहे, त्यामुळे त्याच्या भरवशावर दावा लांबवण्यात अर्थ नाही. सविस्तर अहवालाचे ९० दिवस धरले, तरी सहा महिन्यांपैकी निम्मे तिथेच जातात.