आराम आहे, पण बरी नाही

आपल्या भागात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘आराम इद्दीरेन्री?’ कानडीतला हा आराम म्हणजे खुशाली. मराठीत मात्र आजाऱ्याला आराम पडतो, म्हणजे तो बरा होतो. बेळगावहून फोन आला की मी कानडीत ‘आराम’ म्हणते आणि ते खरं असतं. मराठीत तोच शब्द माझ्या तोंडून निघत नाही. गर्भाशयाचा कर्करोग शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी परतला. आता तो फुप्फुसात आणि पाठीच्या कण्यालगतच्या लसिकाग्रंथींत आहे. तो पुरता जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आवरून धरू, म्हणतात.

‘म्हणजे आता फुप्फुसाचा झाला का?’ नाही हो. पेशी गर्भाशयाच्याच, फक्त बिऱ्हाड बदललेलं. म्हणून औषधंही गर्भाशयाच्या कर्करोगाचीच, दर २१ दिवसांनी सलाईनमधून. भोपाळात आणखी एक प्रश्न असतो, ‘गॅसमुळे का?’ डिसेंबर १९८४ची ती रात्र इथल्या प्रत्येक आजारामागे उभी असते. मी लग्न होऊन इथे आले ती १९९१ साली, तरी विचारणारे विचारतातच.

मैत्रिणींनो, एक सांगून ठेवते. पाळी कायमची थांबल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात दाखवा. पॅप तपासणी चांगली आली म्हणून निश्चिंत राहू नका. ती गर्भाशयाच्या मुखासाठी असते. आतल्या अस्तरासाठी सोनोग्राफी करतात आणि अस्तराचा तुकडा काढून तपासतात. माझा आजार तसाच कळला.

पण आज लिहायचं आहे ते दुखण्याबद्दल. पाठीतली कळ रात्री अशी उठायची की कूस बदलायची भीती वाटे. डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी लिहून दिली, तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मॉर्फिन म्हणजे शेवट, हे आपल्याकडे पक्कं बसलेलं. गंमत बघा, याच मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्यावर अफू पिकते आणि तिच्यापासूनच मॉर्फिन बनतं. नीमचला सरकारी कारखानाही आहे. तरी १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे इतके परवाने लागत की पुष्कळ दवाखाने ते ठेवायच्या फंदातच पडत नसत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, नियम सोपे झाले. एवढी वर्षं या देशात किती बायका नुसत्या कण्हत राहिल्या असतील, याचा मला राग येतो.

मी गोळी ठरल्या वेळेला घेते, कळ उठायची वाट पाहत नाही. पोट साफ होण्याचं औषध सोबत घ्यावंच लागतं, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. सुरुवातीचे काही दिवस झोप फार आली, मग गेली. हा मजकूर गोळी घेऊनच लिहिते आहे. चुका सापडल्या तर त्या माझ्या समजा, गोळीच्या नव्हेत.

अव्वाला सांगू नकोस, असं दादाचं म्हणणं. ती ८४ वर्षांची, तिला सोसणार नाही. मी आठ दिवस विचार केला आणि फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारलं, ‘नोवु ऐतेन?’ दुखतंय का? इतक्या जणांत हे विचारणारी ती पहिली. बरी कधी होणार, हे तिने विचारलंच नाही.

दादाच्या मुलीचं लग्न आहे. केमोनंतरचा तिसरा आठवडा मला बरा जातो, त्यात मुहूर्त येतो. गोवा एक्स्प्रेस भोपाळहून थेट बेळगावला नेते. उपचारासाठी प्रवास असेल तर कर्करुग्णाला रेल्वेत मोठी सवलत मिळते, लग्नाला नाही. लग्न हाही उपचारच आहे, असं माझं मत, रेल्वेचं नाही. पूर्ण भाडं भरून वेटिंग १४ मिळालंय. आंबिलीचं पीठ कधी भिजवू, असं अव्वा रोज विचारते. तिकीट कन्फर्म झालं की कळवते, म्हटलंय.