नाटकं नव्हेत, मायग्रेन!

‘एवढ्याशा पोराला कसलं आलंय टेन्शन?’ मूल डोकं दुखतंय म्हणालं की घरोघरी हे ऐकू येतं. त्यातून गणिताची टेस्ट असेल तर विषयच संपला. ‘नाटकं बंद’ म्हणून थेट स्कूल बसमध्ये रवानगी. आपलं डोकं महिनाअखेरीला दुखलं तर मात्र सिक लीव्ह, काय?

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीचं असंच सुरू होतं. ताईने आधी डोळे तपासून घेतले (सगळेच घेतात), नंबर निघाला नाही. मग कार्टूनवर बंदी आली. बालरोगतज्ज्ञांनी नीट तपासलं, पण स्कॅन वगैरे काही सांगितला नाही. म्हणाले, महिनाभर डायरी लिहा. कधी दुखलं, किती वेळ, आधी काय खाल्लं, झोप किती, उलटी झाली का. डायरीत गणिताचा पत्ताच नव्हता! डबा तसाच परत आला आणि आदल्या रात्री जागरण झालं, की दुसऱ्या पानावर डोकेदुखी हजर.

मोठ्यांचं अर्ध डोकं दुखतं, तसं मुलांचं दुखेलच असं नाही. बऱ्याचदा अख्खं कपाळ ठणकतं आणि दोन-तीन तासांत थांबतंही. मूल पांढरंफटक पडतं, ओकतं, अंधारात झोपतं आणि उठून सायकल काढतं. ती सायकल बघूनच आपला विश्वास उडतो.

पॅरासिटामॉल द्यायचं तर डॉक्टरांनी वजनानुसार ठरवलेल्या डोसात, दुखायला लागल्याबरोबर. आठवड्यात दोन-तीन दिवसांहून जास्त गोळ्या नियमित जाऊ लागल्या, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. आणि आपल्या पर्समधली अ‍ॅस्पिरिन तर मुलांना नकोच.

२०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ८ ते १७ वर्षांच्या मुलांना मायग्रेन टाळण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा औषधच नसलेली गोळी रोज दिली होती. त्या नुसत्या गोळीवरही ६१ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. दोन्ही औषधं तिच्यापुढे सरस ठरली नाहीत. ‘बघा, मनाचेच खेळ!’ असं लगेच म्हणू नका. दुखणं खरंच होतं. माझ्या मते ताईला औषधाआधी वेळेवरचा डबा आणि झोप सांगितली, ते बरंच झालं.

मात्र दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, रोज सकाळी उलटी होत असेल, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा तापात मान ताठ झाली असेल, तर डायरी राहू द्या. मीटिंग सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.