मराठीच्या शाळेत बसते कोण?

मराठी शाळा बंद पडत असल्याबद्दल हळहळणाऱ्या परिसंवादांना आम्ही गेली अनेक वर्षे हजेरी लावत आलो आहोत. मानधनही घेतले आहे. मुंबईतील महापालिकेच्या मराठी शाळांत आज बसते कोण, हा प्रश्न तेथे कोणी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. गोवंडी-मानखुर्दच्या झोपडवस्तीतील मूल बसते. आमची मुले बसत नाहीत. ती इंग्रजी माध्यमात आहेत.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढली : एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठीच्या २५ टक्के जागांपासून सूट. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. अधिसूचनेमागील वृत्ती मात्र रद्द झालेली नाही. जवळची सरकारी शाळा 'त्यांना' पुरेशी आहे. आपल्याला ती का पुरत नाही, हे कोणी सांगत नाही. आपली मुले तेथे असती, तर तिची आबाळ आपण इतकी वर्षे निमूट पाहिली नसती.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे ठेवलेले निवेदन आम्ही एम.ए.च्या वर्गात शिकवतो. रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हा त्यातील आक्षेप. तो आम्ही भरघोस पगार घेऊन शिकवावा, यातला विनोद विद्यार्थ्यांच्या लक्षात येतो.

आणि भाषा? मराठवाड्यातून वस्तीत आलेल्या कुटुंबातील पहिलीचे मूल 'पानी', 'व्हतं' म्हणते, आणि आपण तोंड उघडले की चूक होते हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळते. तीच बोली कादंबरीत आली की आम्ही तिच्या अस्सलपणावर शोधनिबंध लिहितो. वहीत आली की तांबडी शाई. पुढे ते मूल शाळेत येईनासे झाले की त्याला 'गळती' म्हणायचे. गळते ते मूलच. शाळेच्या हातून सुटले, असे कोणी म्हणत नाही. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते. ही मातृभाषा म्हणजे आमची प्रमाणभाषा, हे कोणी ठरवले?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अध्यासने, परिषदा, ग्रंथप्रकल्प यांच्या याद्या आम्हीही उत्साहाने केल्या. वस्तीतील पहिलीच्या शिक्षकाला बोलीकडून प्रमाणभाषेकडे कसे जावे हे दाखवणारी एक पुस्तिका त्या याद्यांत नव्हती. विभागाच्या पुढच्या बैठकीत तो प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. विषयपत्रिकेवर तो शेवटून दुसरा आहे, 'आयत्या वेळचे विषय' याच्या आधी.