मालिका सरली, पुढे काय?

आवडती मालिका बंद पडली, की तिचा चित्रपट निघावा अशी इच्छा घरोघरी व्यक्त होते. ती वावगी नाही. चिं. वि. जोशींचे चिमणराव १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर अवतरले. १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपट निघाला व त्यांतही दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे हीच जोडी होती. मुंबईचे प्रक्षेपण त्या काळी आमच्या यवतमाळपर्यंत पोहोचत नसे. चित्रपटाची पेटी मात्र गावोगाव जाऊ शके. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की असा चित्रपट मालिका न पाहिलेल्या प्रेक्षकासही पुरता उमगला पाहिजे. जुन्या ओळखीच्या गप्पांत नव्या पाहुण्यास ताटकळत ठेवणे यजमानास शोभत नाही.