गाळणी तोंडाशीच हवी



गेल्या आठवड्यात ठिबकचा संच पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. काम आटोपून ओसरीवर चहा घेत बसलो. घरच्या आठवीतल्या मुलीला विज्ञान प्रदर्शनात ६० मिलिमीटरची दुर्बीण बक्षीस मिळालेली. तिला सूर्यावरचे डाग पाहायचे होते. वडिलांनी माळ्यावरून आजोबांच्या मोडलेल्या पायाचा एक्स-रे काढला आणि त्याचा तुकडा डोळ्याकडच्या भिंगावर चिकटवायला घेतला. मी कप खाली ठेवून त्यांचा हात धरला.

कारण सांगतो. १६ फेब्रुवारी १९८० च्या ग्रहणात माझ्या थोरल्या चुलतभावाने काजळी धरलेल्या काचेतून बराच वेळ सूर्य पाहिला. तेव्हा काही दुखले नाही, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळतच नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या ज्या अक्षराकडे पाहावे तेच दिसेना. आता त्याला नातवंडे झाली, पण उजव्या डोळ्यापुढचा तो ठिपका गेलेला नाही.

हे दुर्बिणीशिवाय झाले. उन्हात आपली बाहुली साधारण २ मिलिमीटर उघडी असते. ६० मिलिमीटरचे भिंग तिच्या ९०० पट प्रकाश गोळा करते. साध्या भिंगाने वाळला पाचोळा पेटतो, हे पोरांनाही ठाऊक आहे.

ठिबकचा फिल्टर आपण कुठे बसवतो? पाणी संचात शिरते तिथे, ड्रिपरपाशी नव्हे. सूर्याची गाळणीही दुर्बिणीच्या आकाशाकडच्या तोंडावरच हवी. डोळ्याकडे बसवलेली काच एकवटलेल्या उष्णतेने तडकते आणि सगळे ऊन डोळ्यात उतरते. काही जुन्या दुर्बिणींबरोबर अशी काळी काच मिळते. ती फेकून द्यावी.

घरी करायची ती फक्त चौकट. आतला पडदा विकतच घ्यावा. दुर्बिणीचे साहित्य विकणाऱ्यांकडे सूर्य पाहण्याची खास फिल्म मिळते. घनता ५ असलेलीच मागा. ती प्रकाशाचा लाखातला एकच भाग आत सोडते. ३.८ घनतेची फिल्म फोटो काढण्यासाठी असते, डोळ्यांसाठी नव्हे. एक्स-रे, सीडी, वेफरची चंदेरी पिशवी, गॉगल यांतले काहीही चालत नाही. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो. तो घालून दुर्बिणीत पाहू नये.

आता कृती पाहा.

१. दुर्बिणीच्या तोंडाभोवती पुठ्ठ्याच्या ५ सेंटिमीटर रुंद पट्टीचे दोन-तीन वेढे देऊन डिंकाने चिकटवा. कडे घट्ट बसले पाहिजे.

२. भिंगाएवढे भोक पाडलेल्या दोन सपाट चकत्या कापा. त्यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने फिल्म बसवा. फिल्म ताणू नका. थोड्या सुरकुत्या राहिल्या तरी बिघडत नाही.

३. चकत्या कड्यावर चिकटवा. कुठूनही फट राहता कामा नये.

४. दर वेळी वापरण्यापूर्वी फिल्म पेटत्या बल्बसमोर धरा. टाचणीएवढे भोक किंवा ओरखडा दिसला, तर ती फिल्म बाद.

५. आधी गाळणी चढवा आणि वाऱ्याने निघू नये म्हणून नळीला चिकटपट्टीने बांधा. मगच दुर्बीण सूर्याकडे वळवा. उतरवताना आधी दुर्बीण फिरवा, मग गाळणी काढा.

६. नेम धरायची छोटी दुर्बीण काढून ठेवा किंवा झाकून टाका. नळीची सावली सर्वांत लहान पडली की नेम बसला समजा.

पोरांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नका.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, आषाढ अमावास्येला, आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. दिवस पावसाचे, तरी ढग फाकले तर दिसेल. फिल्म नसेल तर सूर्याकडे पाठ करून बुंदीचा झारा उन्हात धरा. जमिनीवर प्रत्येक भोकागणिक एकेक कोरलेला सूर्य उमटेल. तो सगळ्या घराने खुशाल पाहावा.

त्या वस्तीवरचा एक्स-रे पुन्हा माळ्यावर गेला आहे. फिल्म येईपर्यंत मुलगी रात्रीचा चंद्र पाहते आहे. पीक बुडाले तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते, बंधूंनो. डोळा पेरता येत नाही.